चार डिस्क असताना स्वॅप एकीवरच का? लॅब सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, विद्यापीठांच्या विभागांत आणि संशोधन संस्थांत युनिक्स-लिनक्स वर्कस्टेशन सांभाळणारे सर्व सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आणि लॅब इन्चार्ज यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्कस्टेशनांत दोन, तीन, कधी चार डिस्क बसवलेल्या असतात. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की तिच्यातला डेटा तात्पुरता ठेवायची डिस्कवरची जागा, मात्र त्यातल्या एकीवरच असतो, आणि बहुतेक वेळा जिथे सिस्टिम आणि विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टरी आहेत नेमक्या तिच्यावर. हे बदला, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, नवं सॉफ्टवेअर लागत नाही, प्राचार्यांची सही लागत नाही. एका मशीनमागे अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कुणी दिलेला नसतो म्हणून रात्री लावलेले जॉब सकाळी मेलेले सापडतात आणि पीएचडीच्या मुलांचा आठवडा वाया जातो.

हे असं का होतं ते आपल्यालाही माहीत आहे. मशीन आलं की व्हेंडरचा माणूस पेनड्राइव्ह लावतो, इन्स्टॉलर जे सुचवेल त्यावर 'नेक्स्ट' दाबत जातो, दुपारपर्यंत सही-शिक्का होऊन मशीन डेडस्टॉक रजिस्टरला चढतं. इन्स्टॉलर स्वॅप ठेवतो तो सिस्टिमच्या डिस्कवर, कारण बाकीच्या डिस्क कशासाठी आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. ते आपल्याला कळतं. म्हणून हा निर्णय आपला आहे, इन्स्टॉलरचा नाही.

एक उदाहरण जवळून सांगते. एका संस्थेत मला मशीन बघायला बोलावलं होतं. ६४ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या चार डिस्क. विद्यार्थी ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका पंपाच्या आतल्या प्रवाहाचं मेश, म्हणजे गणितासाठी लागणारं बारीक जाळं, तयार करत होता. मेशिंगचं एक वैशिष्ट्य असतं: तासभर मेमरी बेताची लागते आणि बारीक भाग कापायला घेतला की थोड्या मिनिटांत ती उसळते. नंतर पुन्हा खाली येते. त्या उसळीत रॅम अपुरी पडली आणि मशीन गोठलं. टर्मिनलवर अक्षर टाइप करावं आणि ते उमटायची वाट बघावी, अशी अवस्था. मेमरीची हालचाल दाखवणारं व्हीएमस्टॅट आधीच दुसऱ्या खिडकीत चालू ठेवलं होतं म्हणून बरं. एसआय आणि एसओ, म्हणजे स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर, हे दोन्ही रकाने हलत होते. बी या रकान्यात डिस्कची वाट बघत थांबलेल्या प्रोसेसची रांग वाढत होती. डिस्क किती व्यग्र ते दाखवणारं आयओस्टॅट लावलं तर पहिली डिस्क १०० टक्के व्यग्र आणि उरलेल्या तिन्ही शून्यावर. चार बैल दावणीला आणि जू एकाच्याच मानेवर.

पुढे स्वॅपची यादी काढली तेव्हा तीत दोन नोंदी दिसल्या. म्हणजे कुणीतरी मागे विचार केला होता. पण ती दोन्ही पार्टिशनं एकाच डिस्कवर होती! 'स्वॅप कमी पडतोय' अशी तक्रार गेल्यावर कुणीतरी त्याच डिस्कच्या शेवटी उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन कापून दिलं होतं. यात आकडा वाढतो, वेग घटतो. दोन पार्टिशनं आळीपाळीने वापरली जायला लागली तर डिस्कचं हेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत राहतं. यापेक्षा एकच मोठं पार्टिशन परवडलं असतं.

उरलेल्या तीन डिस्कवर सारख्या आकाराची स्वॅप पार्टिशनं केली, तिघांना एकच प्रायॉरिटी (कोणता स्वॅप आधी वापरायचा ते ठरवणारा आकडा) दिली, जुनी दोन्ही बंद केली आणि तेच मेश पुन्हा लावलं. उसळीच्या वेळी मशीन मंदावलं, ते मंदावणारच. पण टर्मिनल उत्तर देत राहिलं आणि मेश पूर्ण झालं.

आता आकड्यांत बोलू, कारण 'डिस्क हळू असते' एवढं म्हणून भागत नाही. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद लागतात. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला ८ ते ९ मिलिसेकंद. एका इकडच्या-तिकडच्या वाचनाला मिळून १२ ते १३ मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरी ज्या तुकड्यांत हलवतो त्यांना पेज म्हणतात; एक पेज ४ केबीचं. एकेक पेज आणलं तर सेकंदाला ३२० केबी. लिनक्स कर्नल शहाणपण करून एका खेपेत शेजारची मिळून ८ पेजं उचलतं, आणि ती सगळी कामाची निघाली असं धरलं तर सेकंदाला अडीच एमबी. या वेगाने ४ जीबी परत रॅममध्ये यायला २७ मिनिटं लागतात. हा चांगला दिवस झाला. त्याच डिस्कवर प्रोग्रॅमची डेटा फाइल वाचली जात असेल, कुणी होम डिरेक्टरीत कॉपी करत असेल, तर हेडची वाटणी होते आणि हिशोब आणखी बिघडतो. चार वेगळ्या डिस्कवर तोच भार पसरला तर २७ मिनिटांची ७ होऊ शकतात.

'होऊ शकतात' हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. एकच थ्रेड असलेला प्रोग्रॅम एका पेजसाठी अडला की ते येईपर्यंत थांबतो, मग पुढचं मागतो. त्याला चार डिस्क असल्या तरी एका वेळी एकीचाच उपयोग होतो. फायदा दिसतो तो अनेक थ्रेड आणि अनेक प्रोसेस एकाच वेळी अडतात तेव्हा, आणि कर्नल रॅम मोकळी करायला पेजं बाहेर लिहितं तेव्हा. आपल्या लॅबमधलं काम बघा: १६ थ्रेडवर चालणारे सॉल्व्हर, एकाच मशीनवर लॉगिन केलेले चार विद्यार्थी, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा घेऊन इमेजिंग करणारी मुलगी आणि तिच्याच शेजारी मॅटलॅब उघडून बसलेला मुलगा. फायदा होतो तो प्रकार आपल्याकडे रोजचा आहे.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. बर्कलीत बिल जॉय आणि ओझाल्प बाबाओग्लू यांनी वॅक्स संगणकांसाठी युनिक्समध्ये व्हर्च्युअल मेमरी आणली ती बर्कलीच्या युनिक्सच्या १९७९ च्या ३बीएसडी या आवृत्तीत. लगेच पुढच्या वर्षी, १९८० च्या ४बीएसडीत, स्वॅपऑन ही कमांड आली. ती आलीच मुळी यासाठी: मशीन सुरू होताना एकाच डिस्कवर स्वॅप असावा, म्हणजे बूट व्हायला एक डिस्क पुरेल, आणि नंतर बाकीच्या डिस्क जोडून पेजिंगचा भार सगळ्यांवर वाटला जावा. आज आपण जी कमांड 'स्वॅप चालू करायची कमांड' म्हणून टाइप करतो, तिचा जन्मच अनेक डिस्कवर स्वॅप पसरायला झाला आहे.

पुढच्या अनेक युनिक्सांनी हेच पाळलं. सोलॅरिस सगळ्या स्वॅप जागांतून आळीपाळीने वाटप करतं. आयबीएमच्या एआयएक्सची शिफारस स्पष्ट आहे: एका डिस्कवर एकापेक्षा जास्त पेजिंग स्पेस नको, सगळ्या साधारण सारख्या आकाराच्या ठेवा, जी डिस्क आधीच व्यग्र आहे ती टाळा. फ्रीबीएसडीच्या ट्यूनिंगवरच्या मॅन्युअल पानाने प्रत्येक डिस्कवर, चार डिस्कपर्यंत, जवळपास सारख्या आकाराचा स्वॅप ठेवायला सांगितलेलं होतं. एचपी-यूएक्समध्ये ० ते १० अशी प्रायॉरिटी देता येते आणि सारख्या प्रायॉरिटीच्या डिस्क आळीपाळीने वापरल्या जातात. आपल्यापैकी कुणी एचपी-यूएक्सवर काम केलं असेल तर एक लक्षात ठेवा: तिथे लहान आकडा आधी वापरला जातो, लिनक्समध्ये मोठा आकडा आधी. सवयीने उलटं लिहिलं जातं आणि वेगवान डिस्क शेवटी पडते.

आता या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कृपया हा घाईत वाचू नका.

आपल्यापैकी काही जणांनी दुसऱ्या डिस्कवर स्वॅप केलेला आहे. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय काय जोडायचं त्याच्या यादीच्या फाइलीत, दोन ओळी आहेत, फ्री कमांड दोन्हींची बेरीज दाखवते, सगळं ठीक दिसतं. पण प्रायॉरिटी लिहिलेली नाही. आपल्याकडे आज चालू असलेल्या बहुतेक कर्नलांत प्रायॉरिटी न दिलेल्या प्रत्येक स्वॅपला कर्नल स्वतः एक उणे आकडा देतं, आणि नंतर आलेल्याला आधीच्यापेक्षा कमी. म्हणजे पहिला स्वॅप काठोकाठ भरेपर्यंत दुसऱ्याला हातही लागत नाही. दोन डिस्क असूनही काम एकीवरच चालू राहतं. भार वाटला जायला हवा असेल तर दोन्ही ओळींत प्रायॉरिटी लिहावी लागते आणि ती सारखी असावी लागते, उदाहरणार्थ दोन्हींकडे १०. आकडा कोणता हे महत्त्वाचं नाही, ० ते ३२७६७ मधला कुठलाही चालतो. सारखा असणं महत्त्वाचं. तो सारखा झाला की कर्नल पेजं या डिस्कवर थोडी, त्या डिस्कवर थोडी अशी फिरवत ठेवतं. यासाठी रेड-शून्य (अनेक डिस्क जोडून डेटा त्यांच्यात वाटणारी रचना) बांधायची काहीच गरज नाही. काही ठिकाणी स्वॅपसाठी मुद्दाम रेड-शून्य केलेलं बघितलं आहे, तो वरचा थर निव्वळ जास्तीचा आहे.

तपासायला एक मिनिट लागतं. स्वॅपऑन कमांडला शो हा पर्याय द्या, किंवा प्रॉक फाइलसिस्टिममधली स्वॅप्स नावाची फाइल उघडा. शेवटचा रकाना प्रायॉरिटीचा. तिथे उणे दोन, उणे तीन असे उतरते आकडे दिसले तर आपल्या मशीनवर हीच परिस्थिती आहे. आधीचा रकाना किती वापरला त्याचा: एकीवर सगळं आणि दुसरीवर शून्य दिसलं तर शंकाच नको.

आकार सारखा का ठेवायचा तेही इथेच सांगते. एक स्वॅप ४ जीबीचा आणि दुसरा ३२ चा असेल, तर पहिले ८ जीबी दोघांत छान वाटले जातात. मग छोटा भरतो, आणि नेमकी जेव्हा मशीनची सर्वांत जास्त ओढाताण चालू असते तेव्हा सगळा भार एकाच डिस्कवर येतो.

डिस्क वेगळी म्हणजे खरोखर वेगळी हवी. एलएसबीएलके चालवून बघा की जे पार्टिशन वेगळं वाटतंय ते कुठल्या खऱ्या डिस्कवर बसलंय. एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा लॉजिकल व्हॉल्यूमांत वाटणारी सोय, वापरणाऱ्यांनी तर नक्कीच बघा, कारण लॉजिकल व्हॉल्यूमच्या नावावरून खालची डिस्क कळत नाही आणि 'स्वॅप१' आणि 'स्वॅप२' शेजारी शेजारी एकाच डिस्कवर निघू शकतात. काही विभागांत अजून जुन्या आयडीई डिस्कची मशीनं प्रयोगाला जोडलेली आहेत. त्यांच्यात एका केबलवर मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन डिस्क असतील तर एका वेळी एकच बोलू शकते. तिथे स्वॅप वाटायचा तर वेगळ्या केबलवरच्या डिस्क निवडा. स्कझी या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत हा त्रास नव्हता. डिस्क काम हाती घेऊन बस मोकळी करते, तोवर दुसरी बोलून घेते.

एसएसडी आणि फिरती डिस्क दोन्ही असलेल्या मशीनमध्ये मात्र सारखी प्रायॉरिटी देऊ नका. अर्धी पेजं हळू डिस्कवर जातील आणि सगळा जॉब तिच्या चालीने चालेल. एनव्हीएमई एसएसडीला मोठा आकडा, फिरत्या डिस्कना त्याहून लहान पण आपसांत सारखा. वेगवान जागा आधी भरेल, ती संपली तरच बाकीच्यांवर जाईल. स्वॅपने एसएसडी झिजेल अशी भीती पुष्कळ जण बोलून दाखवतात. सतत स्वॅप होत असेल तर ती रास्त आहे, पण मग त्या मशीनला रॅम हवी आहे. अधूनमधून येणाऱ्या उसळीने डिस्कच्या आयुष्यात फरक पडत नाही.

रॅमबद्दल स्पष्ट बोलते, कारण या पत्राचा कुणी असा अर्थ काढू नये की रॅमचं कोटेशन रद्द करून स्वॅप वाढवा. व्हीएमस्टॅटमधले एसआय आणि एसओ हे रकाने तासन्‌तास शून्यावर येतच नसतील, तर चार काय दहा डिस्कवर स्वॅप पसरला तरी उपयोग नाही. काम रॅमहून मोठं आहे. स्वॅप उसळीसाठी आहे, आणि रिकाम्या बसलेल्या पेजांसाठी आहे. विद्यार्थी स्क्रीन लॉक करून गावी जातो, त्याचा ब्राउझर चाळीस टॅबसकट तसाच उघडा. ती मेमरी चार दिवस रॅममध्ये अडकून का राहावी? ती स्वॅपमध्ये जावी आणि रॅम ज्याचा जॉब चालू आहे त्याला मिळावी.

म्हणूनच 'स्वॅप बंद केला की मशीन पळतं' या समजुतीला माझा ठाम विरोध आहे. स्वॅप नसला की प्रोग्रॅमने स्वतःसाठी मागितलेल्या मेमरीतलं एकही पेज बाहेर काढता येत नाही, मग ते महिनाभर कुणी बघितलेलं नसलं तरी. कर्नलकडे एकच मार्ग उरतो: फाइलींची पेजं टाकून देणं. त्यात चालू प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडही येतो. तो टाकायचा, लगेच पुन्हा डिस्कवरून वाचायचा, पुन्हा टाकायचा. डिस्कचा दिवा लुकलुकतोच, फक्त आता त्याला स्वॅप म्हणता येत नाही. शेवटी मेमरी संपल्यावर कर्नल एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतं, आणि मोठी प्रोसेस म्हणजे बहुधा ज्यासाठी मशीन घेतलं तो जॉबच.

किती स्वॅप हवा? 'रॅमच्या दुप्पट' हा नियम अजून भिंतीवरच्या कागदांवर चिकटवलेला दिसतो. सन वर्कस्टेशनांवरच्या सनओएस ४ च्या काळात त्याला भक्कम कारण होतं. प्रोग्रॅमने मागितलेल्या लिहिता येणाऱ्या प्रत्येक पेजसाठी स्वॅपमध्ये आधीच जागा राखून ठेवावी लागे. स्वॅप रॅमपेक्षा लहान असला तर विकत घेतलेली रॅमसुद्धा पूर्ण वापरता येत नसे. आजच्या लिनक्सला ती अट नाही. ८ जीबीच्या वर रॅम असेल तर रेड हॅटची शिफारस किमान ४ जीबीची आहे. लॅबच्या वर्कस्टेशनला, जिथे जॉब उसळी मारतात, मी प्रत्येक डिस्कवर ८ ते १६ जीबी ठेवते. ४ टीबीच्या डिस्कमधून १६ जीबी गेले तर कुणाला कळणारही नाही. जागा कापायचीच आहे तर पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला काढा. बाहेरच्या ट्रॅकवर एका फेरीत जास्त डेटा मावतो, त्यामुळे तिथे वाचन-लेखन वेगवान असतं.

हायबरनेट, म्हणजे मेमरी डिस्कवर लिहून मशीन बंद करणं, वापरणाऱ्या मशीनचा अपवाद सांगून ठेवते. हायबरनेटची प्रतिमा एकाच स्वॅपमध्ये मावावी लागते, चारांत वाटता येत नाही. लॅबमधली मशीनं हायबरनेट करायची नसतातच, पण प्राध्यापकांच्या टेबलावरच्या मशीनला हात लावण्याआधी विचारा.

आता या सगळ्याची किंमत. ती लपवली तर हे पत्र अप्रामाणिक ठरेल.

स्वॅप चार डिस्कवर पसरला की प्रत्येक मोठ्या प्रोसेसची पेजं चारही डिस्कवर असतात. त्यातली कुठलीही एक डिस्क बिघडली आणि तिच्यावरचं पेज परत वाचता आलं नाही, तर कर्नल त्या प्रोसेसला सिगबस हा सिग्नल पाठवतं आणि ती मरते. एका डिस्कऐवजी चार डिस्कच्या तब्येतीवर जॉब अवलंबून झाला. म्हणून मशीनचं काम काय ते आधी ठरवा. विद्यार्थ्यांचे सिम्युलेशन चालणारं मशीन असेल, आणि जॉब दर थोड्या वेळाने आपली स्थिती फाइलीत लिहून ठेवत असतील, तर स्वॅप पसरवा. डिस्क मेली तर शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरू करता येतं. ज्या मशीनवर विभागाचं लॉगिन, ईमेल किंवा परीक्षेचं काम चालतं, तिथे स्वॅप रेड-एकवर (दोन डिस्कवर एकाच डेटाच्या दोन प्रती) ठेवा, म्हणजे एक डिस्क गेली तरी मशीन चालू राहील. चार डिस्क असतील तर दोन-दोनच्या दोन जोड्या करा आणि दोन्ही जोड्यांना सारखी प्रायॉरिटी द्या. भारही वाटला जातो आणि सुरक्षितताही राहते. अशा जोडीच्या तपासणीत दोन प्रती जुळत नाहीत अशी मोजणी दिसली तर घाबरू नका. रेड-एकवरच्या स्वॅपमध्ये ते निरुपद्रवी कारणानेही होतं, ती पेजं पुन्हा कुणी वाचणार नसतं. रेड-पाचवर, म्हणजे डेटासोबत पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायची बेरीज) ठेवणाऱ्या रचनेवर, मात्र स्वॅप कधीच ठेवू नका. एका छोट्या लिखाणासाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा अशी चार कामं होतात, आणि स्वॅपचं लिखाण विखुरलेलंच असतं.

एफएसटॅबमध्ये लिहिताना एसडीए, एसडीबी अशी नावं टाळा. एखादी डिस्क जोडली-काढली की ती सरकतात. यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनवर नोंदलेला ओळख-क्रमांक, लिहा. पण एक धरून चला की कुणी त्या पार्टिशनवर पुन्हा मेकस्वॅप (स्वॅप तयार करायची कमांड) चालवलं तर यूयूआयडी बदलतो, आणि पुढच्या बूटला मशीन सुरू करणारं सिस्टिमडी त्या हरवलेल्या स्वॅपसाठी ९० सेकंद थांबून राहतं. सोमवारी सकाळी साठ मुलांची बॅच दारात उभी असताना ते ९० सेकंद फार मोठे असतात. नोफेल हा पर्याय प्रत्येक स्वॅपच्या ओळीत टाकून ठेवला तर एक डिस्क गेली तरी मशीन निमूट वर येतं. चालू मशीनमधून स्वॅप असलेली डिस्क काढायची असेल तर आधी स्वॅपऑफ. ते तिच्यावरची सगळी पेजं रॅममध्ये किंवा दुसऱ्या स्वॅपमध्ये आणून ठेवतं, म्हणून भरलेल्या मशीनवर त्याला वेळ लागतो. मध्येच वैतागून डिस्क ओढू नका.

डेडस्टॉकचा मुद्दा राहिला. स्वॅपमध्ये प्रोग्रॅमची मेमरी जशीच्या तशी लिहिली जाते. त्यात टाइप केलेले पासवर्ड असू शकतात, अप्रकाशित निकाल असू शकतात, प्रश्नपत्रिकेचा मसुदा असू शकतो. स्वॅप सगळ्या डिस्कवर गेला म्हणजे हे तुकडेही सगळ्या डिस्कवर गेले. आजवर 'ही तर नुसती डेटा डिस्क' म्हणून जी डिस्क न पुसता भंगारात काढली जात होती, तिलाही आता पुसावं लागेल. त्याहून चांगलं म्हणजे स्वॅप एन्क्रिप्ट करून प्रत्येक बूटला नवी यादृच्छिक किल्ली घेणं. मशीन बंद झालं की किल्ली गेली, आणि मागे राहिलेलं कुणाला वाचता येत नाही.

ज्यांच्या हातात खरेदी आहे त्या विभागप्रमुखांनाही हे पत्र दाखवावं, कारण एक ओळ त्यांनीच घालायची आहे. टेंडरच्या तांत्रिक अटींत आपण रॅम लिहितो, प्रोसेसर लिहितो, डिस्कची एकूण जागा लिहितो. तिथे एवढंच वाढवा: स्वॅप प्रत्येक भौतिक डिस्कवर समान आकारात, एकाच प्रकारच्या डिस्कना समान प्रायॉरिटी, आणि मशीन ताब्यात देताना स्वॅपची यादी छापून सोबत. सही-शिक्का त्या कागदावरही घ्या. आणि एकूण जागा तीच असेल तर एका मोठ्या डिस्कऐवजी दोन लहान डिस्क मागा. हेड दोन मिळतात.

आता आधीपासून असलेल्या मशीनांचं. सगळी एकदम हाती घ्यायची गरज नाही. विद्यार्थी ज्या मशीनबद्दल 'हँग होतं' म्हणतात तिथून सुरुवात करा. जॉब चालू असताना व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट शेजारी लावून दहा मिनिटं बघा, ज्या डिस्क शून्यावर आहेत त्यांची नावं लिहून घ्या, आणि पुढच्या देखभालीच्या दिवशी त्यांच्यावर स्वॅप करा. पार्टिशन कापायला जागा नसेल तर त्या डिस्कवर स्वॅप फाइल केली तरी चालते, प्रायॉरिटी तिलाही देता येते. मशीनच्या आत झाकणाला एक कागद चिकटवा: कुठल्या डिस्कवर किती स्वॅप, प्रायॉरिटी काय, तारीख काय. तुमची बदली झाल्यावर जो येईल त्याला तोच कागद सापडणार आहे.

कुणाच्या मशीनवर यादीचा अर्थ लागत नसेल, किंवा सारखी प्रायॉरिटी देऊनही एकच डिस्क राबताना दिसत असेल, तर यादी आणि एलएसबीएलकेचं आउटपुट दोन्ही शेजारी ठेवून जवळच्या दुसऱ्या लॅबच्या ॲडमिनला दाखवा. दोघांनी मिळून बघितलं की अडचण बहुतेक त्या दोन कागदांतच सापडते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अनेक वर्षं युनिक्स वर्कस्टेशन सांभाळलेली एक सहकारी